स्वयंचलित पर्जन्यमापकाची जुळणी आणि तिची पारख

शेतकऱ्याचा व्यवहार पावसावर चालतो आणि सरकारचा व्यवहार आंकड्यांवर चालतो, ही गोष्ट कांहीं नवी नाहीं. परंतु अलीकडे या दोहोंच्या मध्यें एक तिसरी वस्तु येऊन बसली आहे. ती वस्तु म्हणजे महसूल मंडळाच्या गांवीं कुंपणाच्या आंत खांबावर उभें असलेलें स्वयंचलित हवामान केंद्र होय. आभाळांतून किती पाणी पडलें हें शेतकऱ्यास बांधावर उभें राहून दिसतें. पण किती पडलें असें दफ्तरीं लागावयाचें, तें मात्र हें यंत्र ठरवितें. राज्य सरकारनें २०१७ सालीं ‘महावेध’ नांवाचा प्रकल्प स्कायमेट या खाजगी कंपनीच्या भागीदारीनें सुरू केला, आणि महसूल मंडळागणिक एक या धोरणानें राज्यांत दोन हजारांहून अधिक केंद्रें उभीं राहिलीं. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा या आपल्या आठहि तालुक्यांत मंडळवार पावसाची वार्ता आतां याच मार्गानें कळते.

या आंकड्यावर काय काय अवलंबून आहे, हें सुज्ञ वाचकांस विस्तारानें सांगावयास नको. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे त्या मंडळांत अतिवृष्टि झाली असें धरण्याची सरकारी रीत आहे. पंचनाम्याचें चाक तेथून फिरूं लागतें. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यांत तर पाऊस, उष्णता इत्यादिकांची भरपाई केंद्राच्या आंकड्यांवरूनच ठरते. बागेंत येऊन झाडाकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं. मोसंबी हें आपल्या जिल्ह्याचें नांवाजलेलें फळ. तेव्हां अंबड-घनसावंगीकडील बागाइतदारापासून भोकरदनच्या कपाशीवाल्यापर्यंत सर्वांचें हित या खांबावरील एका लहानशा भांड्याशीं बांधलेलें आहे.

असें असतां तें भांडें बरोबर मोजतें कीं नाहीं, हा प्रश्न गांवोगांवीं निघतो, आणि त्याचें उत्तर बहुधा रागाच्या भरांत दिलें जातें. कोणी म्हणतो यंत्र खोटें बोलतें. कोणी म्हणतो यंत्र कधीं चुकतच नाहीं. वस्तुतः दोन्ही मतें सारखींच निराधार आहेत. यंत्र खोटें बोलत नाहीं. पण त्यास जो हिशेब शिकविला तोच चुकीचा असेल, तर तें मोठ्या प्रामाणिकपणें चुकीचेंच सांगत राहतें. यंत्राच्या पोटांतील आज्ञावलीस, ‘तुझ्या अंगाला अमुक भाग जोडले आहेत’ हें कळविण्यासाठीं जे आंकडे व पर्याय भरून ठेवावे लागतात, त्यांस या लेखांत ‘जुळणी’ असें म्हटलें आहे. ही जुळणी प्रत्यक्ष यंत्राशीं जुळते कीं नाहीं हें कसें तपासतात, आणि त्यांत आपल्यासारख्यांनीं काय करावयाचें, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे.

जुना पर्जन्यमापक व त्याचा पेला

विषय नवा वाटला तरी त्याचें बीज जुनें आहे. हिंदुस्थानांत हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें, आणि तेव्हांपासून ठिकठिकाणीं पाऊस मोजण्याची शिस्त लागत गेली. तहसील कचेरीच्या आवारांतील पर्जन्यमापक पुष्कळांनीं पाहिला असेल. वर एक गोल तोंडाचें नरसाळें, खालीं पाणी सांठविण्याची बाटली, आणि जवळ एक रेषा कोरलेला कांचेचा पेला. रोज सकाळीं साडेआठ वाजतां कारकुनानें बाटलींतील पाणी पेल्यांत ओतावयाचें व रेषा वाचून वहींत लिहावयाची. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्याच्या नोकरींत हें काम कित्येक पावसाळे केलें आहे.

या साध्या साधनांतहि एक मेख आहे. सरकारी पर्जन्यमापकांचीं तोंडें दोन मापांचीं असतात. एकाचें क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर, दुसऱ्याचें १००. एक मिलिमीटर पाऊस पडला असतां पहिल्यांत २० मिलिलिटर पाणी जमतें, दुसऱ्यांत १०. म्हणून प्रत्येकाचा पेला निराळा असतो व त्याच्या रेषा त्या त्या तोंडाच्या मापानें कोरलेल्या असतात. पेला कोणता घ्यावयाचा हीच त्या यंत्राची जुळणी.

एका कचेरींत पेला फुटला व मागणीप्रमाणें नवा आला. नवा पेला लहान तोंडाच्या मापकाचा होता आणि आवारांतील मापक मोठ्या तोंडाचा. दोन्ही पेले कांचेचे, दोन्हींवर रेषा, दोन्हींवर मिलिमीटर असेंच लिहिलेलें. परिणाम असा कीं, ३३ मिलिमीटर पाऊस वहींत ६६ होऊन बसूं लागला. मापक निर्दोष, पेला निर्दोष, वाचणारा निर्दोष; आणि तरीहि आंकडा दुप्पट! शेजारच्या मंडळाशीं मेळ घालतांना गोष्ट उघडकीस आली म्हणून बरें. या हकीकतींत कोणताहि एक भाग बिघडलेला नव्हता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. बिघडला होता तो दोन भागांमधला संबंध. जुळणीचा दोष हा नेहमीं असाच असतो. एकेक भाग सुटा करून पाहिला तर तो सांपडत नाहीं.

डोलतें भांडें

आतां नव्या यंत्राकडे वळूं. स्वयंचलित पर्जन्यमापकांत नरसाळ्याच्या खालीं दोन कप्प्यांचें एक लहान भांडें आंसावर डोलत ठेवलेलें असतें. एका कप्प्यांत ठराविक पाणी भरलें म्हणजे तें त्या बाजूस कलतें, पाणी ओततें, आणि दुसरा कप्पा धारेखालीं येतो. ही युक्ति फार जुनी आहे. सतराव्या शतकांत इंग्लंडांतील क्रिस्टोफर रेन या विद्वानानें अशा भांड्याचा पर्जन्यमापक योजिला होता. आजच्या यंत्रांत भांड्यास बहुधा लोहचुंबकाचा तुकडा लावलेला असतो. भांडें एकदां कललें कीं विजेचा एक ठोका पडतो, आणि पेटींतील चिप तो ठोका मोजते.

चिपेस पाणी दिसत नाहीं, पाऊस दिसत नाहीं. तिला केवळ ठोके ऐकूं येतात. ठोक्यांचे मिलिमीटर करण्यासाठीं आज्ञावलींत एक गुणक लिहिलेला असतो. कांहीं भांडीं ०.२ मिलिमीटरला कलतात, कांहीं ०.५ मिलिमीटरला. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकांत पहिल्याचा कप्पा ४ मिलिलिटरचा व दुसऱ्याचा १० मिलिलिटरचा असावयास पाहिजे. समजा, खांबावर ०.५ चें भांडें आहे आणि आज्ञावलींत गुणक ०.२ चा राहिला आहे. रात्रीं ७० मिलिमीटर पाऊस झाला. भांडें १४० वेळां कललें. चिपेनें १४० ला ०.२ नें गुणिलें आणि २८ मिलिमीटर असा संदेश धाडला. शेतांत कपाशी पाण्याखालीं आणि दफ्तरांत साधारण सर! उलट, भांडें ०.२ चें व गुणक ०.५ चा असेल तर ३० मिलिमीटरच्या पावसाचे १५० ठोके पडतात आणि कागदावर ७५ मिलिमीटर उमटतात. पहिल्या प्रकारांत शेतकरी बुडतो, दुसऱ्यांत सरकारी तिजोरी. आणि दोन्ही प्रकारांत यंत्र आपलें काम चोख करीत असतें.

एकच आज्ञावली, अनेक यंत्रें

येथें वाचक विचारील कीं, असे गुणक निरनिराळे ठेवावेच कां? एका यंत्रास एक आज्ञावली लिहावी म्हणजे तंटा मिटला. परंतु व्यवहारांत तसें होत नाहीं. यंत्र करणारे कारखाने चिपा, भांडीं, घड्याळाचे स्फटिक, बॅटऱ्या हे भाग निरनिराळ्या ठिकाणांहून घेतात, आणि एक भाग मिळेनासा झाला कीं दुसरा बसवितात. प्रत्येक वेळीं संपूर्ण आज्ञावली नव्यानें लिहिणें परवडत नाहीं. म्हणून आज्ञावलीचा मुख्य भाग एकच ठेवतात आणि यंत्रागणिक बदलणाऱ्या गोष्टी तेवढ्या एका यादींत काढून ठेवतात. शिंप्याची कागदी बेतणी एकच असते, मापें मात्र ज्याचीं त्याचीं. यादींत लिहिलेलें माप गिऱ्हाइकाच्या अंगाचेंच आहे ना, एवढें पाहणें हें शिंप्याचें कर्तव्य.

घड्याळाच्या स्फटिकाचें उदाहरण घेऊं. चिपेचा काळ एका स्फटिकाच्या कंपनांवर चालतो. समजा पेटींत सेकंदास १ कोटी ६० लक्ष कंपनें करणारा स्फटिक आहे, पण यादींत ८० लक्ष असें लिहिलें आहे. आज्ञावली ८० लक्ष कंपनें मोजते आणि एक सेकंद झाला असें समजते. प्रत्यक्षांत अर्धाच सेकंद झालेला असतो. तिचा चोवीस तासांचा दिवस बारा तासांत पुरा होतो. मग ‘चोवीस तासांत ६५ मिलिमीटर’ या वाक्यांतील चोवीस तास कोणाचे धरावयाचे?

एका यंत्रासाठीं लिहिलेली आज्ञावली पारख न करतां दुसऱ्यावर चढविली असतां केवढा अनर्थ होतो, याचें जगप्रसिद्ध उदाहरण ४ जून १९९६ रोजीं घडलें. युरोपांतील राष्ट्रांनीं ‘एरियान ५’ नांवाचा नवा अग्निबाण दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून सोडला. दिशा राखणाऱ्या यंत्रांतील आज्ञावलीचा कांहीं भाग जुन्या ‘एरियान ४’ मधून तसाच घेतला होता. नव्या बाणाचा आडवा वेग जुन्यापेक्षां फार अधिक; तो आंकडा जुन्या मापाच्या घरांत मावला नाहीं, आणि सुमारें चाळीस सेकंदांत बाणाचा चुराडा झाला. आज्ञावली जुन्या बाणावर निर्दोष चालली होती, हेंच तिला न तपासण्याचें कारण झालें.

तपासणीच्या तीन चौक्या

माझा एक पुतण्या पुण्यास अशाच यंत्रांच्या आज्ञावली लिहिण्याचें काम करतो. त्याच्याकडून मी ही पद्धति समजून घेतली. पुढील उदाहरणें तत्त्व कळण्यापुरतीं आहेत. कोणत्याहि विशिष्ट केंद्रास उद्देशून नाहींत. जुळणीची पारख तीन चौक्यांवर होते. पहिल्या चौकींतून जें निसटतें तें दुसरींत सांपडावें, दुसरींतून निसटेल तें तिसरींत, अशी ही योजना आहे.

पहिली चौकी आज्ञावली तयार होतांना. यादींतील प्रत्येक पर्यायास अटी लावून ठेवतात. अमुक जातीची चिप असेल तरच तमुक पर्याय निवडतां येईल. गुणक अमक्या मर्यादेच्या बाहेर नसावा. दोन परस्परविरोधी पर्याय एकत्र येऊं नयेत. लिनक्स या सर्वांस खुल्या असलेल्या कार्यप्रणालींत अशा अटी लिहिण्यासाठीं ‘के-कॉन्फिग’ नांवाची एक स्वतंत्र परिभाषा २००२ पासून वापरतात, आणि लहान यंत्रांसाठीं २०१६ सालीं पुढें आलेल्या ‘झेफिर’ या कार्यप्रणालीनेंहि तीच उचलली आहे. अट मोडली तर आज्ञावली तयारच होत नाहीं. कचेरीच्या भाषेंत सांगावयाचें तर, सात-बाराच्या उताऱ्यांतील क्षेत्र व आकार यांचा मेळ बसत नसेल तर कागद पुढच्या टेबलावर सरकत नाहीं, तसेंच हें आहे. परंतु ही तपासणी कागदाची कागदाशीं आहे. जमीन प्रत्यक्ष किती आहे हें कागद सांगूं शकत नाहीं.

दुसरी चौकी यंत्र सुरू होतांना. ही समजण्यास जराशी कठीण, पण मोठी मनोरंजक आहे. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राच्या पोटांतील शिरस्तेदार. कोणतें काम आधीं व कोणतें मागून, हें ती ठरविते. ‘फ्री-आर-टी-ओ-एस’ ही लहान यंत्रांत चालणारी एक सुप्रसिद्ध कार्यप्रणाली असून तिची आज्ञावली कोणासहि वाचावयास खुली आहे. रिचर्ड बॅरी या गृहस्थांनीं ती २००३ च्या सुमारास रचिली. भांडें कललें, वाऱ्याचें चक्र फिरलें, संदेश धाडण्याची वेळ झाली, अशा अनेक हांका चिपेस एकसारख्या येत असतात. दोन हांका एकदम आल्या तर कोणाची आधीं ऐकावी, यासाठीं प्रत्येकीस एक क्रमांक देतात. कॉर्टेक्स-एम जातीच्या चिपांत हा क्रमांक ठेवावयास आठ घरांची पट्टी असते, आणि प्रत्येक घरांत शून्य किंवा एक एवढेंच मावतें. या जातीच्या चिपा अनेक कंपन्या करतात, व सर्वांनीं आठहि घरें बांधलेलीं नसतात. कोणी डावीकडचीं तीनच बांधतो, कोणी चार, कोणी पांच. उरलेल्या घरांच्या जागीं नुसती भिंत. तेथें कांहींहि लिहिलें तरी वाचतांना शून्यच मिळतें.

आतां जुळणी करणाऱ्यानें एका हांकेस पांचवा क्रमांक द्यावयाचा म्हणून सरळ पांच लिहिले. पांच हा आंकडा पट्टीच्या उजवीकडील तीन घरांत बसतो. चिपेंत डावीकडचीं चारच घरें असलीं तर ते पांच भिंतीवर पडून सांडतात आणि पट्टींत शून्य उरतें. शून्य म्हणजे तर सर्वांत तांतडीचा क्रम! ज्या हांकेस पांचव्या पाटावर बसवावयाचें ती पहिल्या पाटावर जाऊन बसली, आणि शिरस्तेदारास तिला आवरतां येईना. तो वहींत ओळ लिहीत असतांना ती मध्येंच हात घालते. यंत्र दिवसचे दिवस नीट चालतें, आणि एखाद्या मुसळधार रात्रीं, दोन हांका नेमक्या एका क्षणीं आल्या म्हणजे, नोंद बिघडते किंवा यंत्र अडकून पडतें. ज्या रात्रीं त्याची गरज, त्याच रात्रीं तें दगा देतें.

यावर त्या कार्यप्रणालीनें योजिलेला उपाय शेतकऱ्यास पटण्याजोगा आहे. काम सुरू करण्यापूर्वीं ती आठहि घरांत एक-एक लिहून पाहते व लागलीच परत वाचते. जेथें एक टिकला तें घर खरें. जेथें शून्य झालें तेथें भिंत. अशा रीतीनें घरें मोजून ती संख्या यादींतील संख्येशीं पडताळते, आणि न जुळल्यास तेथेंच थांबते. चिपेबरोबर आलेल्या माहितीपत्रकावर ती विसंबत नाहीं, चिपेलाच विचारते. पिशवीवर उगवण किती लिहिली आहे हें वाचून न थांबतां ओल्या गोणपाटांत शंभर दाणे टाकून पाहणारा शेतकरी हेंच करतो. आपला जिल्हा बियाण्यांचा जिल्हा. ही गोष्ट येथें निराळी समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

मात्र एक सावधगिरी हवी. ही तपासणी चालू ठेवणें न ठेवणें यंत्र करणाऱ्याच्या हातीं असतें. जागा व वेळ वांचविण्यासाठीं कांहीं जण तयार यंत्रांत ती बंद करतात. निदान प्रत्येक नव्या जातीच्या यंत्रावर, पहिल्या चांचणींत तरी, ती चालू असलीच पाहिजे.

मुकें यंत्र व खोटें यंत्र

यंत्र थांबतें हें ऐकून कोणी म्हणेल, ‘पावसाळ्यांत यंत्रच बंद पडलें तर मग उपयोग काय?’ यास महसूल दफ्तराचा अनुभव उत्तर देतो. नोंदवहींत एखादा रकाना कोरा राहिला तर त्याच दिवशीं वरून विचारणा येते. शेजारच्या मंडळाचा आंकडा पाहतात, गांवांत माणूस पाठवितात, कांहीं तरी सोय होते. परंतु रकान्यांत चुकीचा आंकडा भरलेला असला तर कोणीहि विचारीत नाहीं. त्यावर सही होते, शिक्का होतो, गोषवाऱ्यांत तो मिळविला जातो, आणि मग अर्ज करून करून शेतकरी थकला तरी तो जागचा हालत नाहीं. कोरा रकाना दोष दाखवितो. भरलेला रकाना दोष झांकतो. म्हणून जुळणी न जुळल्यास यंत्रानें मुकें व्हावें आणि आपण मुकें झालों हें ओरडून कळवावें, हाच उत्तम पक्ष. खोट्या साक्षीदारापेक्षां गैरहजर साक्षीदार केव्हांहि बरा.

तिसरी चौकी: जें यंत्रास विचारतां येत नाहीं

दोन चौक्या ओलांडूनहि आपला मूळ प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो फार महत्त्वाचा आहे. चिपेंतील घरें चिपेस विचारतां येतात, कारण दोन्ही विजेनें बोलतात. परंतु डोलतें भांडें हा प्लॅस्टिकचा मुका तुकडा आहे. ‘तूं ०.२ चें कीं ०.५ चें?’ असें त्यास कोणतीहि आज्ञावली विचारूं शकत नाहीं. यादींत ०.२ लिहिलें तरी पहिली चौकी तें सोडते, ०.५ लिहिलें तरी सोडते. दोन्ही आंकडे मर्यादेच्या आंतलेच. त्या भांड्यास विचारण्याची भाषा एकच आहे, आणि ती म्हणजे मोजलेलें पाणी.

ही चांचणी अगदीं सोपी आहे. प्रथम नरसाळ्याच्या तोंडाचा आंतील व्यास मोजावा. तो सुमारें १६ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर, व एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. व्यास २० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३१४, व एक मिलिमीटर म्हणजे ३१.४ मिलिलिटर. पहिल्या प्रकारच्या मापकांत ४०० मिलिलिटर स्वच्छ पाणी मोजून घ्यावें. तें एकदम ओतूं नये. भांडें कलतांना धार मोठी असली तर कांहीं पाणी मोजल्यावांचून निसटतें. दवाखान्यांतील सलाइनची बाटली व नळी यांतून थेंबथेंब करून तासाभरांत सोडावें. पाणी संपल्यावर यंत्रानें २० मिलिमीटर दाखवावयास पाहिजेत. पांच टक्के इकडे-तिकडे, म्हणजे १९ ते २१, चालण्यासारखें समजावें.

यंत्रानें १६ किंवा १७ दाखविले तर भांड्यांत धूळ, कोळ्याचें जाळें किंवा चिखल असण्याचा संभव. साफ करून पुन्हां पाहावें. पण २० च्या जागीं ८ दाखविले किंवा ५० दाखविले, तर तो धुळीचा दोष नव्हे. ८ म्हणजे ०.५ च्या भांड्याचे ४० ठोके ०.२ नें गुणिले गेले, आणि ५० म्हणजे ०.२ च्या भांड्याचे १०० ठोके ०.५ नें. चुकीचा आंकडाच आपलें मूळ सांगतो. धुळीची चूक अनियमित व थोडी असते. जुळणीची चूक ठरीव प्रमाणांत व मोठी असते. हा भेद ज्यास कळला त्यास अर्ध्याअधिक तक्रारींचें मर्म कळलें.

जुळणी बिघडण्याचा सर्वांत अधिक संभव यंत्र नवें असतांना नसून दुरुस्तीनंतर असतो. वादळांत भांडें मोडलें, दुसऱ्या बनावटीचें बसविलें, आणि यादींतील गुणक जुनाच राहिला. किंवा पेटी बदलली आणि तींत दुसऱ्याच जातीच्या मापकाची जुळणी आली. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर हीच चांचणी पुन्हां झाली पाहिजे.

शेतकरी मंडळांनीं काय करावें

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. सरकारी केंद्रांत कोणीहि आपण होऊन पाणी ओतूं नये. ओतलेलें पाणी यंत्र पाऊस म्हणूनच धाडतें; दफ्तरांत खोटा पाऊस शिरतो, आणि खऱ्या तक्रारीचीहि पत जाते. रीतसर मार्ग असा. प्रत्येक मंडळांतील शेतकऱ्यांनीं मे महिन्यांत, मृग निघण्यापूर्वीं, तालुका कृषि अधिकारी व तहसीलदार यांस अर्ज करून मोजलेल्या पाण्याची चांचणी जाणकाराकडून, चार शेतकऱ्यांसमक्ष व्हावी अशी मागणी करावी. चांचणीचा लहानसा पंचनामा व्हावा. त्यांत तारीख, मापकाच्या तोंडाचा व्यास, नामपट्टीवर लिहिलेलें भांड्याचें माप, जुळणींतील गुणक, ओतलेलें पाणी व यंत्रानें दाखविलेला आंकडा, इतक्या सहा गोष्टी याव्यात. चांचणीचा पाऊस त्या दिवसाच्या आंकड्यांतून वगळल्याचीहि नोंद असावी. असा कागद हातीं असला म्हणजे पुढें वाद निघाला तर ‘आमच्याकडे फार पडला’ एवढ्या तोंडी बोलण्यापेक्षां त्याचें वजन शतपट अधिक.

दुसरें असें कीं, गांवांतील निदान दोघा-तिघांनीं आपल्या शेतावर साधा हातमापक ठेवावा व रोज सकाळीं साडेआठ वाजतां नोंद करावी. एखाद्या रात्रीचा फरक दोन शिवारांतील पावसाचाहि असूं शकतो, त्यावरून कांहीं ठरत नाहीं. परंतु महिनाभर दर पावसांत केंद्राचा आंकडा आपल्या आंकड्याच्या दोन-पंचमांशच येत असेल, तर तो पावसाचा लहरीपणा नव्हे. गुणक तपासावयास सांगण्याची ती वेळ.

ज्यांनीं स्वतःच्या बागेंत हवामान यंत्र किंवा ठिबकाचें स्वयंचलित नियंत्रण बसविलें आहे, त्यांस तर कोणाच्या परवानगीची जरूर नाहीं. कडवंचीसारख्या गांवीं द्राक्षाच्या बागांत फवारणीचा दिवस हवामान पाहून ठरवावा लागतो. तेथें हें तपासणें घरच्या हिताचें आहे. ठिबकाच्या पाणीमीटरचेंहि तसेंच. त्याचाहि एकेक ठोका ठराविक लिटरांचा असतो, व तो आंकडा नियंत्रकांत भरावा लागतो. दोनशें लिटरची टाकी मीटरमधून भरून पाहावी. नियंत्रकानें २०० दाखविले तर ठीक. २० किंवा २,००० दाखविले तर जुळणींत दशांशाची गफलत आहे असें समजावें आणि खत सोडण्यापूर्वीं ती दुरुस्त करावी. यंत्र विकत घेतेवेळींच विक्रेत्यास तीन प्रश्न विचारावे: जुळणी कोठें लिहिलेली आहे, ती न जुळल्यास यंत्र थांबतें कीं तसेंच चालतें, आणि मोजलेल्या पाण्यानें आपण समक्ष दाखवाल काय? तिसऱ्या प्रश्नास जो कां-कूं करील त्याचा माल घेण्याची घाई करूं नये.

मोजणीच्या कामांत साखळी ओढण्यापूर्वीं ती ठरलेल्या मापाशीं ताडून पाहण्याची शिस्त होती. कारण वापरून वापरून कड्या ताणतात, साखळी लांबते, आणि वहींत मात्र ती पूर्वींइतकीच राहते. साखळीच्या जागीं आतां चिप आली आहे आणि वहीच्या जागीं आज्ञावली. ताडून पाहण्याचें काम मात्र कोणत्याहि यंत्रानें आपल्या माथ्यावरून उतरविलेलें नाहीं. पहिली चौकी आज्ञावली लिहिणाऱ्यानें सांभाळावी, दुसरी यंत्रानें स्वतः. तिसरी चौकी मंडळाच्या गांवीं आहे, आणि तेथील पहारेकरी आपणच आहों. मृगाच्या आधींच्या पंधरवड्यांत प्रत्येक मंडळांतून असा एकेक अर्ज जाईल, अशी उमेद बाळगून हा लेख पुरा करितों.